गाडी पुसायचा मानाचा टॉवेल

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात कशाचाही एवढा विचार केला नसेल, जेवढा गाडी पुसायच्या टॉवेलचा केला. बायको त्याने एका चहाच्या भेटीत पसंत केली. घोडबंदर रोडचा फ्लॅट ब्रोशरवरचं चित्र बघून बुक केला. आई गेल्यावर बाबा कुठे राहणार, हा प्रश्न तर साहेबांना पडलाच नाही. बाबा आपले गुपचूप पिशवी घेऊन ठाकुर्लीला माझ्याकडे आले. पण टॉवेल म्हटल्यावर माणूस एकदम गंभीर झाला.

त्याचं मूळ कारण म्हणजे गाडीचा रंग. ठाण्यात मेट्रोची खोदाखोद अशी चालू आहे, की सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. अशा ठिकाणी ह्या शहाण्याने काळी कुळकुळीत गाडी घेतली. त्यात त्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये गाड्या धुवायला बोअरिंगचं पाणी. ते वाळलं, की बॉनेटभर पांढरे ठिपके उठतात, अंगावर पुरळ उठावं तसे. म्हणजे गाडी धुतल्याबरोबर पाणी टिपून घ्यायचं, एवढाच काय तो विषय. कुठल्याही शहाण्या माणसाने एक बरंसं फडकं घेतलं असतं, पाणी टिपलं असतं आणि कामाला लागला असता.

पण छे! आम्ही आयटीतले मॅनेजर. आम्ही आधी अभ्यास करणार.

रविवारी मी आणि बाबा त्याच्याकडे जायचो, तेव्हा डायनिंग टेबलवर जेवणाऐवजी टॉवेल मांडलेले असायचे. निळा, करडा, नारिंगी, एक तर चक्क पोपटी. मला म्हणायचा, "ताई, हात लावून बघ. ह्याचा जीएसएम बघ." जीएसएम म्हणजे कापड किती जाड, त्याचं माप. ते मला त्याने इतक्या वेळा समजावलं, की मी कल्याणच्या शाळेत सातवीला गणित शिकवते हे तो विसरला असावा. मग एक चौकडीचा, भोकाभोकांचा. तो काचेला चांगला. एक गोंड्यागोंड्यांचा; तो सगळ्यात जास्त पाणी पितो. शिवलेली कड नको, कारण शिलाईचा दोरा काळ्या रंगावर ओरखडे काढतो. कोपऱ्यातलं लेबल तर साक्षात वैरी! ते तो बारीक कात्रीने कापायचा, जीभ दाताखाली धरून. पुढच्या वर्षी दहावीला बसणाऱ्या स्वतःच्या मुलीच्या वहीकडे त्याला असं वाकून बघताना मी कधी पाहिलं नाही.

मग प्रयोग. टेबलवर ग्लासभर पाणी ओतायचं, त्यावर टॉवेल टाकायचा, एका टोकाला धरून ओढत न्यायचा. "बघ, एका फटक्यात! थेंब नाही." भावजय बिचारी ताटं घेऊन मागे उभी. मी म्हटलं, "अरे, एवढं पाणी पितो ना तो, मग त्यालाच जेवायला वाढ आता." त्याला राग आला. तो म्हणाला, "तुला नाही कळणार ताई, तुझ्याकडे गाडी नाही." खरंय बाबा. माझ्याकडे गाडी नाही. माझ्याकडे बाप आहे.

आणि पुसायचं कोण? तर बाबा. हो, सत्तरी ओलांडलेला माणूस. ठाकुर्लीहून ठाण्याला यायचा आणि मुलाच्या गाडीचं पाणी टिपायचा. मी कटकट केली तर म्हणायचे, "अगं, तेवढंच त्याच्याजवळ उभं राहायला मिळतं." एकदा बाबांनी सवयीने घरून आणलेल्या जुन्या बनियनने बॉनेट पुसलं. भाऊ धावत आला, बनियन हातातून हिसकावलं आणि सगळ्या पार्किंगसमोर बापाला शिकवायला लागला. घासायचं नाही, फक्त टिपायचं. टॉवेल खाली पडला तर तो गेलाच, मातीचा एक कण पुरतो. बाबा मान हलवत होते, "बरं बरं, चुकलं," म्हणत होते. त्या दिवसापासून ते त्या गाडीला हात लावायच्या आधी पोराच्या तोंडाकडे बघायला लागले. आणि गाडीचंच कशाला, पुढे सगळ्याच बाबतीत.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. नवरे, भाऊ, ह्या जातीला काहीतरी खूळ लागतंच. पण मग वास्तुशांत आली.

राहायला जाऊन बरेच दिवस झालेले तरी वास्तुशांत राहून गेलेली. ती ठरली आणि बाबांनी मनावर घेतलं, की आता थोरल्या काकांना बोलवायचंच. थोरले काका म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ. महाडच्या पुढे आमचं गाव, तिथे असतात. दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कारण बाबांनी आपल्या वाटणीचं शेत काकांना न विचारता बाहेरच्याला विकलं होतं. ते विकलं ह्याच आमच्या चिरंजीवांच्या इंजिनीअरिंगच्या डोनेशनसाठी. काकांच्या अंगणासमोर परक्याचं कुंपण उभं राहिलं. काका भांडले नाहीत. त्यांनी फक्त बाबांशी बोलणं सोडलं. आई गेली तेव्हा आले, दारात उभे राहिले, पाणीही न घेता गेले.

बाबांना मनातून ते खात होतं. झोपेत "दादा" म्हणून हाक मारायचे, मी ऐकलंय. आता वय झालं, दोघांपैकी कोण आधी जाईल सांगता येत नाही, आणि जायच्या आधी दादाने एकदा घरी बोलवावं, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. त्यांनी फोन करून करून काकांना बोलतं केलं. "पोराच्या वास्तूला ये रे दादा, तुझ्या हाताशिवाय कसं होईल." शेवटी काका म्हणाले, "येतो." फोन ठेवल्यावर बाबांनी स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले. चेहरा असा झालेला, की मला चहाचं आधण उतू गेलेलं दिसलंच नाही.

आता आमच्याकडे असं असतं, की घरच्या कार्याला आलेल्या वडीलधाऱ्या पुरुषाला टॉवेल-टोपी करतात. कपाळाला कुंकू लावायचं, डोक्यावर टोपी ठेवायची, खांद्यावर नवा टॉवेल घालायचा, हातात नारळ द्यायचा आणि वाकून नमस्कार करायचा. टॉवेल तसा साधाच असतो. धुतला की जाळीसारखा होतो, हे मलाही माहीत आहे. पण तो खांद्यावर पडला, की घराने तुमचा मान केला. नाही पडला तर माणसं जन्मभर बोलून दाखवतात. बाबांना काकांचा मान स्वतःच्या हाताने करायचा होता.

भावाला ही टॉवेलची भानगड कळली आणि त्याची कळी खुलली. "ताई, त्या पातळ टॉवेलचं लोक करतात काय? कपाटात कोंबतात. आपण काहीतरी यूजफुल देऊ." आणि काय दिलं असेल ह्या माणसाने? गाडी पुसायचे मायक्रोफायबर टॉवेल! महिनोन्महिने अभ्यास करून निवडलेला तोच निळा, गोंड्यागोंड्यांचा, बिनकडेचा. बॉक्स भरून मागवले. प्रत्येकाभोवती कागदी पट्टी आणि पट्टीवर गाडीचं चित्र.

माझा तर भडकाच उडाला. मी म्हटलं, "अरे मूर्खा, मानाच्या माणसाच्या खांद्यावर गाडी पुसायचं फडकं टाकणार तू?" तो म्हणाला, "फडकं? ताई, हा बाजारातला सगळ्यात भारी टॉवेल आहे. लोक नाव काढतील." मी म्हटलं, "आलेल्यातल्या निम्म्या लोकांकडे सायकल नाही!" तर म्हणे, "मग अंग पुसतील." मी म्हटलं, निदान काकांपुरती मी साधी टॉवेल-टोपी आणते. त्यालाही नाही. सगळ्यांना सारखंच द्यायचं, नाहीतर बरं दिसत नाही, आणि टोप्या तर हल्ली कोणी घालतच नाही. मी बाबांकडे बघितलं. आता तरी हा माणूस बोलेल असं वाटलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं. चांगला मऊ आहे. दादाला काय कळतंय." आणि पोराच्या तोंडाकडे बघून हसले. बाबांचं ते हसू मला कधीच आवडलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी काका पहिल्या एसटीने आले. अंगात धुवट सदरा, डोक्यावर स्वतःची टोपी, खांद्यावर तांदळाची पिशवी. गेटवरच्या सिक्युरिटीने त्यांना डिलिव्हरीवाल्यांच्या रांगेत उभं केलेलं. मी खाली जाऊन घेऊन आले. लिफ्टमध्ये आरशाकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "फार उंच गेला गं तुझा भाऊ." वर आल्यावर तांदूळ त्यांनी थेट देवापुढे ठेवले. भावजय चांगली आहे हो, तिने लगेच वाकून नमस्कार केला. भाऊ मोबाईलवर कोणाला तरी पार्किंगचा नंबर सांगत होता. त्याने लांबूनच हात केला.

पूजा आटोपली आणि आहेर सुरू झाले. बाबांनी निळा टॉवेल घेतला, कागदी पट्टी आधीच काढून खिशात कोंबली होती, ते मी बघितलं. काकांच्या कपाळाला कुंकू लावलं. टॉवेल खांद्यावर घातला, नारळ दिला, पायावर डोकं ठेवलं आणि उठेनातच. काकांनी दंडाला धरून उठवलं. मग टॉवेलवरून हात फिरवला. भेगाळलेला हात, तो त्या गोंड्यांत अडकला. "मऊ आहे रे," म्हणाले. बाबा म्हणाले, "चांगल्यातला आहे, दादा." काका सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "गणपतीला ये गावाला. आरती तुझ्या हातची."

झालं! जे हवं होतं ते मिळालं. बाबांचे डोळे भरून आले, माझेही आले. भावाला मी त्या क्षणी सगळं माफ केलेलं. बाकीच्या पुरुषांनी आपापले टॉवेल घडी घालून पिशवीत टाकले. काकांनी खांद्यावरून काढला नाही. मानाने मिळालेली वस्तू कार्य होईपर्यंत अंगावर ठेवायची, हे त्यांना माहीत होतं. ताठ बसलेले, तो निळा टॉवेल घेऊन.

पंगत बसायला वेळ होता. पानं मांडायची होती. मी म्हणते, माणसाने पाच मिनिटं गप्प बसावं. पण आमच्या मॅनेजरांना सुचलं, गुरुजी आलेच आहेत तर गाडीचीही पूजा उरकून घेऊ. सगळ्या पुरुषांना घेऊन खाली पार्किंगमध्ये निघाला. पूजेचं तबक घेऊन मी मागून. काका खरं तर वरच बसणार होते, बाबाच त्यांना हाताला धरून घेऊन आले. "चल दादा, पोराची गाडी बघ."

गाडी चकाचक. गुरुजींनी चाकांना कुंकू लावलं, फुलं वाहिली, पाणी शिंपडलं. मग चाकाशी नारळ फोडला आणि नारळाचं पाणी उडून बॉनेटवर, बंपरवर गेलं. कुठेही उडेल हो, नारळ आहे तो! पण भावाचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्याच्या तोंडावर ॲसिड टाकलं. "अरे, गोड असतं ते, डाग पडेल! टॉवेल, टॉवेल कुठाय?" इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या काकांच्या खांद्यावरचा टॉवेल त्याने ओढून घेतला. "काका, द्या जरा." द्या म्हणायच्या आधीच घेतलेला.

मला वाटलं, पुसेल आणि गप्प बसेल. नाही. त्याला प्रेक्षक मिळाले ना! बॉनेटवर तो टॉवेल पसरून सगळ्यांना दाखवायला लागला. "हे बघा, तुम्हाला सगळ्यांना दिलाय ना, तो असा वापरायचा. घासायचं नाही. एका टोकाला धरून ओढायचं. बघा, थेंब राहिला?" मग खाली वाकून बंपर पुसला आणि त्याच हाताने चाकावरचं कुंकूही. मानाचा टॉवेल चाकाला लावला त्या गाढवाने. पाहुणे हसले. कोणीतरी म्हणालं, "वा, आता आम्हाला गाडीच घ्यावी लागणार." हशा पिकला.

मी बाबांकडे बघितलं. बाबा हसत होते.

भावाने टॉवेल झटकला आणि काकांपुढे धरला. "घ्या काका. पिळायचा नाही हां, नुसता झटकायचा." काकांनी त्याच्याकडे बघितलं, रागाने नाही. म्हणाले, "राहू दे. तुझ्या गाडीलाच लागंल." आणि गेटच्या दिशेने चालायला लागले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा पाय मोकळे करायला निघाला. मला कळलं होतं. पण हातात पेटतं निरांजन होतं आणि भाऊ म्हणत होता, ताई, आरती दे सगळ्यांना.

वर पानं मांडली तर काकांचं पान रिकामं. बाबा दारापर्यंत जाऊन आले, गॅलरीतून वाकून आले. "दादा कुठे गेला गं?" मी सांगितलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊ म्हणाला, "अरे, एवढ्यावरून? सांगायचं ना, दुसरा दिला असता. बॉक्समध्ये आहेत अजून." मला त्या वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अजूनही वाटते. एवढा शिकला, एवढा उंच चढला, आणि माणसाच्या खांद्यावर हात घालताना समोर माणूस आहे हे त्याला दिसलं नाही. आमचं शेत विकून आम्ही हे शिकवलं.

बाबांनी चपला घातल्या आणि निघाले. मी मागून. रिक्षाने खोपटच्या एसटी डेपोत गेलो. रस्ताभर बाबा एकच म्हणत होते, "सापडेल ना गं? गेला तर नसेल?" काका बाकावर बसलेले होते, कपाळावर कुंकू तसंच. बाबा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. शाळेत उशिरा आलेली मुलं उभी राहतात तसे.

"दादा, पोराला कळलं नाही. त्याच्या मनात तसं नव्हतं."

"पोराचं सोड," काका म्हणाले. "पोराला तू शिकवलंस तेवढं येतं. तू हसलास."

मला बाबांची दया आली आणि चीडही आली. मग ते जे बोलले ते मला बापाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणाले, "त्याचं घर आहे, दादा. मी काय बोलणार तिथे?"

"घर त्याचं," काका म्हणाले. "मग मी तिथं कोणाकडं आलेलो?"

महाडची गाडी लागली. काका उठले, टोपी नीट केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जाऊन बसले. बाबा तिथेच. कंडक्टरने दार ओढायला घेतलं. मी बाबांचा दंड धरला, म्हटलं, चला, घरी जाऊ, ठाकुर्लीला जाऊ, त्याच्याकडे नको. बाबांनी माझा हात हळूच सोडवला आणि चढले. अंगात पूजेचा रेशमी कुर्ता, हातात पिशवी नाही, कपडे नाहीत, रक्तदाबाच्या गोळ्या नाहीत. काका खिडकीकडे सरकले की नाही ते मला दिसलं नाही, पण बाबा त्यांच्या शेजारी बसले. गाडी हलली तेव्हा वाकून मला ओरडून म्हणाले, "त्याला सांग, भावाकडे गेलोय."

भावाचा फोन आलाच. "ताई, कुठे आहात? पंगत खोळंबलीय. बाबा कुठेत?"

मी म्हटलं, "भावाकडे गेले."

तो म्हणाला, "कोणाच्या भावाकडे?"